फ्लर्ट, चेष्टा आणि कोपराचा गूळ

प्रश्न असा आलाय: मालिकेचे संवाद लिहिणाऱ्या एका ताईंचं एक वाक्य अडलंय. नायिका कोल्हापूरची, कॉलेजात शिकवणारी. सहा महिने गोडगोड बोलून एके दिवशी दुसरीशी साखरपुडा करून मोकळा झालेल्या सहकाऱ्याला ती म्हणते, "तू नुसता फ्लर्ट करत होतास." इथे मराठी शब्द हवा, असं वरून फर्मान आलंय. कोशात 'प्रणयाराधन' सापडलं, पण ते नायिकेच्या तोंडात बसेना. तेव्हा याला आपला शब्द आहे का, आणि मुळात 'फ्लर्ट' आला कुठून, असं त्या विचारतात.

'प्रणयाराधन' तोंडात बसत नाही हे तुम्हाला जाणवलं, तिथेच अर्धं काम झालं. मला ते कळायला एक कंपोझिटर भेटावा लागला. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीजवळच्या एका छापखान्यात माझ्या पहिल्या अनुवादाची प्रुफं निघत होती. इंग्रजी कादंबरी, मेजवानीचा प्रसंग, आणि एक लष्करी अधिकारी यजमानिणीशी फ्लर्ट करतोय. मी ऐटीत लिहिलं होतं, "ते दोघे प्रणयाराधनात मग्न झाले." खिळे जुळवणारे काका सातवीपर्यंत शिकलेले, पण हाताखालून हजारो पानं गेलेली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सर, आत्ता तर हे दोघं जेवाय बसलं हुतं. मधीच देवळात कधी गेलं?" मी म्हटलं, देऊळ कुठलं? तर म्हणाले, "मग ही आराधना कुणाची चाललीया?"

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. आराधना करणारा मनापासून करतो, निदान तसं समजून तरी आपण तो शब्द वापरतो. प्रियाराधन, प्रणयाराधन, अनुनय हे सगळे खऱ्या प्रेमाच्या मागणीचे शब्द. फ्लर्ट करणाऱ्याला मागणी घालायचीच नसते. त्याला खेळ हवा असतो. कोशकारांनी प्रेमाच्या कप्प्यात हात घातला आणि जे पहिलं लागलं ते उचललं. तो शब्द मी खोडला आणि 'गुलुगुलु बोलत बसले' असं लिहिलं. काकांनी मान डोलावली.

आता 'फ्लर्ट'चं मूळ. याबद्दल एक गोड गोष्ट फिरते. फ्रेंचमध्ये 'फ्लरेत' म्हणजे छोटंसं फूल, आणि 'फुलं सांगणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे, म्हणजे बाईच्या कानाशी लाघवी बोलणं. त्यावरून इंग्रजांनी 'फ्लर्ट' केला, असं सांगतात. गोष्ट इतकी देखणी आहे की खोटी म्हणायला जीव होत नाही. पण इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याला फुलांचा वासही नाही. तिथे त्याचा अर्थ झटका देणं, चटकन फेकणं, टिचकी मारणं. त्याच्याच आसपास दुसरा अर्थ येतो: टोमणा मारणं, नाक मुरडणं. फ्लिक, फ्लिप, फ्लर्ट अशी ही झटक्याच्या आवाजातूनच जन्मलेली मंडळी असावीत, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. आपल्याकडे 'फटकन', 'झटकन' जसे झाले तसे. पक्षी शेपटी उडवतो त्यालाही इंग्रजीत 'फ्लर्ट' म्हणत, आणि बाई मिटलेला पंखा झटक्यात उघडते त्यालाही. या पंख्यापर्यंत आलं की पुढचं पाऊल आपोआप दिसतं.

सोळाव्या शतकातच 'फ्लर्ट' हे नाम आगाऊ, चुरचुरीत पोरीला लावायला सुरुवात झाली होती. अठराव्या शतकात 'फ्लर्टेशन' आला. डॉक्टर जॉन्सन यांनी 1755 च्या कोशात त्याचा अर्थ 'चपळ, खेळकर हालचाल' असा दिला आणि वर शेरा मारला की हा बायकांमधला बोलण्यातला शब्द आहे. म्हणजे तोवर अर्थ हालचालीचाच, पण कुणाच्या हालचालीचा ते ठरून गेलेलं! खोटंखोटं प्रेम करणं हा आजचा अर्थ त्याच शतकाच्या उत्तरार्धात पक्का होतो. आणि गंमत म्हणजे फ्रेंच लोकांनी एकोणिसाव्या शतकात 'फ्लर्ट' इंग्रजीतूनच उसना घेतला. फुलाची गोष्ट अशी उलटी फिरते.

'फ्लर्ट'च्या दोन नातेवाइकांकडेही जाता जाता बघून घेऊ. 'कोकेट' म्हणजे नखरेल बाई. तो फ्रेंच 'कोक'पासून, म्हणजे कोंबड्यापासून आला. कोंबड्या कशा चालतात ते नव्हे, कोंबडा कसा छाती काढून मिरवतो ते. मिरवत होता पुरुष आणि शेवटी शब्द चिकटला बाईला. दुसरा 'फिलँडर'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'पुरुषावर प्रेम करणारी' असा होता. पुढे जुन्या प्रेमकथांत तो प्रियकराचं नाव म्हणून आला, आणि त्या नावावरून बाईमागून बाई करत फिरणाऱ्याला तो क्रियापद म्हणून लागला. आपल्याकडे कुणाला 'मजनू झालाय' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मला यातली खरी मौज वाटते ती पायऱ्यांची: झटका, मग टवाळी, मग प्रेमाचा खेळ. कारण ही शिडी मराठीत जशीच्या तशी आहे, फक्त आपण तिच्याकडे बघत नाही. 'चेष्टा' घ्या. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, हातपाय हलवणं. 'निश्चेष्ट पडला' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. मराठीत आल्यावर चेष्टा झाली टवाळी. "चेष्टा करतोस काय माझी?" आणि जुन्या कादंबऱ्यांतल्या 'प्रणयचेष्टा' काढा, तिथे तिसरी पायरीही सापडते. इंग्रजीचा आपल्यावर परिणाम झाला, असं म्हणायला इथे जागाच नाही. दोन्हीकडच्या लोकांनी पोरापोरींच्या हालचाली बघूनच शब्द केले.

'चाळा' तसाच. चळणं, चाळवणं यांच्या घरातला. पोरगं पेन्सिलीशी चाळा करतं तो निरागस, पण 'चाळे' असं अनेकवचन केलं की आजीच्या भुवया वर. 'चाळवणे' म्हणजे दुसऱ्याचं मन जागचं हलवणं. 'मुरका मारणे', 'नाक मुरडणे', 'डोळा घालणे', सगळी अंगाची हालचाल. 'खडा टाकून बघणे' तर सरळ फेकणंच आहे: विहिरीत खडा टाकायचा, किती खोल आहे ते ऐकायचं. हिंदीतून आलेल्या 'दिलफेक'मध्ये खड्याऐवजी काळीज फेकलंय, इतकाच फरक. आणि 'गोंडा घोळणे' हा तर कुत्र्याच्या शेपटीवरून आलेला. आमच्या गल्लीत बेकरीचं दार उघडलं की एक तांबडं कुत्रं असा गोंडा घोळतं की नवख्याला वाटावं, जन्मोजन्मीची ओळख आहे. खारी संपली की ते वळूनही बघत नाही. प्रेमाचं नाटक करून काम साधणाऱ्याला मराठीने ही उपमा दिली, ती कुणीतरी असंच बेकरीसमोर उभं राहून दिली असणार.

पंडितांनी या विषयाचा कीस काढलेला आहे, तोही साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. नाट्यशास्त्रात नायिकेच्या शृंगारातल्या सहजसुंदर चाळ्यांची यादीच आहे: लीला, विलास, विच्छित्ति, विभ्रम, किलकिंचित, मोट्टायित, कुट्टमित, बिब्बोक, ललित, विहृत. त्याआधी भाव, हाव, हेला. आपला 'हावभाव' तिथलाच, फक्त आता तो वक्तृत्वस्पर्धेच्या गुणपत्रिकेत जाऊन बसलाय. या यादीतला 'कुट्टमित' मला फार आवडतो. प्रियकराचा हात केसांना लागला, आतून ती सुखावली, आणि वरून मात्र त्रासल्यासारखं हात झटकते. 'बिब्बोक' म्हणजे हवं होतं तेच मिळाल्यावर तोऱ्यात त्याच्याकडे काणाडोळा करणं. एवढ्या बारीक छटांना शब्द आहेत. पण नीट बघा, इथे नाटक वरचं आहे आणि प्रेम आतलं. तुमच्या प्रश्नात उलटं आहे: वर प्रेम, आत काही नाही.

त्या उलट्या माणसाला संस्कृतने वेगळं नाव ठेवलंय आणि ते आपल्याला दुसऱ्याच कामासाठी पाठ आहे. काव्यशास्त्रात शृंगारी नायकाचे चार प्रकार करतात: अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. अनुकूल एकीचाच असतो. दक्षिण दुसरीत गुंतला तरी पहिलीशी मनाने नीट वागतो. धृष्ट उघड उघड निर्लज्ज. आणि शठ तो, जो समोर गोड बोलतो आणि पाठीमागे तिला दुखावणारं वागतो. 'शठं प्रति शाठ्यम्' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर लबाड राजकारणी येतो. पण काव्यशास्त्रातला शठ सोप्यावर बसून दुसऱ्याच बाईच्या आठवणीत हिच्या वेणीचं कौतुक करत असतो. ताई, तुमचा खलनायक शुद्ध शठ आहे. दुर्दैवाने हा शब्द आता प्रेमप्रकरणात वापरता येत नाही. नायिका संस्कृतची प्राध्यापक असेल तर एखादा भाग त्यावर काढा.

पंडित सोडून गावात आलं तर मराठीच्या पणजीकडे, महाराष्ट्री प्राकृताकडे, हाल राजाने जमवलेल्या गाथासप्तशतीत एक दृश्य आहे. पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय. पाणी घालणारीकडे वर बघत त्याने बोटं फाकवलीत, म्हणजे पाणी गळून जावं आणि पिणं लांबावं. तिनेही ओळखलंय. जसजशी त्याची बोटं फाकतात तसतशी ती धार बारीक करत जाते. संपलं. एक शब्द बोललेला नाही. हे फ्लर्टिंगच आहे, पण यात कुणी कुणाला फसवत नाहीये. दोघांनाही खेळ माहीत आहे, आणि दोघांना तो लांबायला हवाय. फ्लर्टची निरुपद्रवी बाजू यापेक्षा चांगली मला कुठे दिसलेली नाही. खोटेपणा शिरतो तो एकाला खेळ वाटतो आणि दुसऱ्याला तहान लागलेली असते तेव्हा.

आता बोलीतले शब्द, झटझट. 'नखरा' फारसीतला. तो डौलाचा शब्द आहे, फसवणुकीचा नव्हे. लावणीत नखरा नसेल तर लोक खुर्च्या सोडून चहाला जातील. शिवाय 'नखरेल' बाईलाच म्हणतात, तेच पुरुषाने केलं तर तो 'रंगेल', 'गुलहौशी', 'गुलछबू'. कोंबड्याचं जे फ्रेंचमध्ये झालं ते इथे वेगळ्या वाटेने झालं: तिला लागतो तो डाग, त्याला लागतं ते अत्तर. ('गुलहौशी'तला 'गुल' म्हणजे फारसी फूल. ते आणि फ्रेंच फूल यांचा एकमेकांशी संबंध नाही, कुणी जोडायला जाऊ नये.) 'छचोर' मात्र दोघांनाही चालतो आणि त्यात तुच्छता आहे, पण तो स्वभावाचा शब्द आहे, एका प्रकरणाचा नव्हे.

'लाडीगोडी' मनात हेतू ठेवून होते आणि ती नवऱ्याशी, सासूशी, साहेबाशी, दुकानदाराशी कुणाशीही चालते. पैठणी मिळाली की लाडीगोडी संपली. तिला प्रेमाचं सोंग म्हणता येत नाही, कारण समोरच्यालाही साधारण ठाऊक असतं की बिल येणार आहे. 'लगट' अंगाला अंग लावणारी, लागणं आणि लगत यांच्या शेजारची. त्यात दोघांची मर्जी असेलच असं नाही. आणि 'छेड काढणे' कृपा करून इथे वापरू नका. मालिकांत हल्ली 'फ्लर्ट'ला सर्रास 'छेड' लिहितात. गौळणीतल्या कान्हाने दही लुटताना काढलेली छेड वेगळी, आणि रंकाळ्यावर फिरायला गेलेल्या पोरीच्या मागे तीन जण गाडी घेऊन फिरतात ती वेगळी. दुसरीला पोलीस ठाणं आहे, शृंगाररस नाही.

कोल्हापुरात बोलायचं तर 'नाद' टाळून चालणार नाही. मुळात नाद म्हणजे आवाज, मग त्या आवाजाने लागलेलं वेड. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला कबुतरांचा. 'नाद खुळा' ही तर पावतीच. 'नादी लावणे'मध्ये फसवणुकीची छटा आहे खरी. पण नाद हा लागणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. "तिच्या नादाला लागून पोरगं वाया गेलं," असं म्हणताना ती बिचारी घरी गणिताचे पेपर तपासत बसलेली असू शकते. तिने काही केलं होतं का, हे तो शब्द सांगत नाही. तुमच्या नायिकेला मात्र त्यानेच केलं हे सांगायचंय.

माझ्या भाचीला विचारलं. वय एकवीस, कॉलेज इथलंच. मी दहा शब्द समोर ठेवले तर म्हणाली, "मामा, एवढं कोण बोलतं? टाइमपास म्हणायचं. 'तू माझ्यासंगं टाइमपास केलास.'" इंग्रजी शब्द असला तरी या अर्थाने तो आता आपलाच झालाय. पाच रुपयांच्या शेंगदाण्याच्या पुडीला लावायचा शब्द एखाद्याच्या सहा महिन्यांना लावायचा, यात जो अपमान आहे तो 'फ्लर्ट'मध्येही नाही. नायिका पंचविशीच्या आत असती तर मी इथेच थांबलो असतो. पण तुम्ही ती छत्तीस वर्षांची प्राध्यापिका असल्याचं लिहिलंय. तिच्या तोंडी टाइमपास आला तर प्रसंग हलका होईल.

एक वाक्प्रचार मात्र या गावाच्या मालकीचा असल्यासारखा आहे: कोपराला गूळ लावणे. उरलेल्या महाराष्ट्रातही तो आहे, पण त्याची चव गुळाच्या मुलखातच कळते. मी आठनऊ वर्षांचा असताना मामाच्या गावी, पंचगंगेच्या काठाला, गुऱ्हाळावर बसलो होतो. काहील नुकतीच वाफ्यावर ओतली होती, चुलवाणातली चिपाडं अजून धगधगत होती, आणि आम्ही पोरं काकवीसाठी गुळव्याच्या मागे मागे. त्याने बोट बुडवलं आणि माझ्या कोपराला, अगदी हाडाच्या टोकाला, काकवीचा एक ठिपका लावला. "चाट." मी हात वाकवला, मान वळवली, जीभ ताणली, खांदा दुखेपर्यंत. वास येतोय, रंग दिसतोय, चार बोटांवर आहे, आणि पोहोचत नाही. गडी हसत होते. मला वाटलं, आणखी थोडा जोर लावला तर जमेल. हेच ते. 'आणखी थोडा जोर लावला तर जमेल' असं समोरच्याला वाटत ठेवायचं, आणि आपण हसायचं. फ्लर्ट करणाऱ्याचं सगळं कसब एवढ्यात आलं.

म्हणून प्रसंगात नायिकेची आई किंवा आत्या असेल तर तिला हे वाक्य द्या: "कोपराला गूळ लावला गं त्यानं, आन् तू बसलीस चाटत." दोन भाग चर्चा होईल.

स्वतः नायिकेला मी 'झुलवणे' देईन. माझ्या मते खोट्या फ्लर्टला मराठीत सर्वांत जवळचा शब्द हाच. 'फसवलंस' म्हटलं तर काहीतरी वचन दिलं होतं असं होतं, आणि असल्या माणसाने वचन कधीच दिलेलं नसतं, तीच त्याची पळवाट. "मी कधी काही म्हटलं होतं का?" या त्याच्या उत्तराला 'फसवलंस' पुरत नाही. 'झुलवलंस'ला मात्र वचनाची गरजच नाही. झोपाळा पुढे गेला की वाटतं आता पोहोचलो, मग मागे येतो. झोका देणाऱ्याला फक्त अधूनमधून एक हात लावायचा असतो. परत तीच हालचाल बघा: तिकडे शेपटीचा झटका, इकडे झोपाळ्याचा झोका. 'खेळवलंस'ही चालेल, पण त्यात मांजर-उंदराचा क्रूरपणा येतो, आणि तुमचा माणूस इतका हुशार वाटत नाही.

तेव्हा वाक्य असं करून बघा: "तू काही मागितलं नाहीस, काही दिलं नाहीस. सहा महिने मला नुसतं झुलवलंस." 'फ्लर्ट' हवाच असेल तर त्याच्या तोंडी घाला, तो स्वतःला सोडवताना म्हणेल: "अगं, थोडं फ्लर्टिंग होतं ते, तू मनावर का घेतलंस?" इंग्रजी शब्दाआड लपायची सोय अशा माणसांना फार आवडते.

एक बारीक सूचना. कोल्हापूरच्या बऱ्याच बायका घरात 'मी जाते' न म्हणता 'मी जातो' म्हणतात, आणि रागात प्रमाणभाषा गळून पडते. ती प्राध्यापिका असली तरी शेवटच्या वाक्यात नटीला 'झुलवलंस'च्या जागी 'झुलिवलंस' म्हणू द्या. संहितेत मात्र 'झुलवलंस'च छापा, नाहीतर कुणीतरी ती चूक समजून दुरुस्त करेल.